टॅपेट कव्हर पुन्हा पुन्हा गळतंय? नवं पॅकिंग आणण्याआधी ब्रीदर बघा

प्रश्न थोडक्यात असा: तासगाव भागातली डिझेल बोलेरो पिकअप, द्राक्षाच्या पेट्या भरून वाशीपर्यंत जाते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेनं ऑइल गळतं, एक्झॉस्टवर पडतं आणि जळका वास केबिनमध्ये येतो. एकदा त्याखालचं पॅकिंग (गॅस्केट) बदललं, बोल्ट कचकचून आवळले, वरून सिलिकॉनही फिरवलं. महिनाभरात पुन्हा तेच. आता फिटर म्हणतोय की मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवती ऑइल अडवणारं रबर) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. काय करावं?

गिअरबॉक्स इतक्यात उतरवू नका. कव्हरची मागची कड, म्हणजे केबिनच्या पत्र्याकडची बाजू, गळत असेल तर ऑइल हेडच्या पाठीवरून उतरतं, बेल हाऊसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं कवच) येतं आणि त्याच्या खालच्या टोकाला थेंब धरतं. गाडीखाली झोपून वर बघणाऱ्याला हे हुबेहूब क्रँक सीलच्या गळतीसारखं दिसतं. पॅकिंग काही शे रुपयांचं असतं, गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी हजारांत जाते. म्हणून गळती कुठून सुरू होते ते आधी नक्की करा. ऑइल खालून वर चढत नाही. सगळ्यात उंचावरचा ओला डाग कुठे आहे तेवढंच शोधायचं.

एक खूण रस्त्यावरच मिळते. पिकअपचं इंजिन लांबीत बसवलेलं असतं, त्यामुळे चढावर त्याचं मागचं टोक खाली जातं आणि हेडवरचं ऑइल मागच्या कडेशी साचतं. शिवाय भरल्या गाडीनं चढताना पिस्टनच्या बाजूनं खाली उतरणारा गॅसही वाढतो. सांगली-मिरज सपाटीवर गाडी कोरडी राहते आणि खंबाटकी किंवा चिपळूणकडून कुंभार्ली चढून आल्यावर ओली होते, असं असेल तर संशय कव्हरच्या मागच्या कडेवर धरा. क्रँक सील गेलेलं असतं तेव्हा ते सपाटीवरही गळतं.

पक्की खात्री करायची तर इंजिन डिझेल आणि ब्रशनं घासून स्वच्छ करा, हवेनं सुकवा. प्रेशर वॉशरचा फवारा अल्टरनेटर, सेन्सर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर मारू नका. सुकल्यावर कव्हरच्या खालच्या कडेवर चारही बाजूंनी साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि वीसेक किलोमीटर भरली गाडी चालवून या. पावडर जिथे पहिल्यांदा काळी पडली तिथून गळती. मागच्या बाजूला डोकं जात नाही. तिथे मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च आत घालून व्हिडिओ काढा.

हे बघताना कव्हरसारख्याच दिसणाऱ्या इतर गळत्या वगळायच्या. ऑइल भरायच्या झाकणाचा रबर कडक झाला की ऑइल कव्हरवरूनच ओघळतं. टर्बोला (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) ऑइल नेणाऱ्या पाइपचा जोड, अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या व्हॅक्यूम पंपाचा ऑइल पाइप, ऑइल फिल्टरची बैठक, ही सगळी संशयितांची यादी. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर दिसत असेल तर तिथला तांब्याचा वॉशर गॅस सोडतोय. ते काम वेगळं, त्याचा कव्हरशी संबंध नाही.

आता मूळ दुखण्याकडे. बदललेलं पॅकिंग महिन्याभरात गळू लागतं तेव्हा पॅकिंग खराब निघालं असेल ही शक्यता सगळ्यात शेवटी धरा. बहुतेक वेळा इंजिनाच्या आत दाब साठत असतो आणि तो सगळ्यात कमजोर जोडातून ऑइल बाहेर ढकलतो. पिस्टन रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरणं हे नव्या इंजिनातही होतं. तो बाहेर जायला ब्रीदर असतो: कव्हरमधली जाळी किंवा पडदा, त्यापुढे ऑइल वेगळं करणारा डबा, मग पाइप, आणि तो पाइप एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या नळीला जोडलेला. या वाटेत कुठेही काजळी आणि चिकट ऑइलचा गाळ बसला, रबरी पाइप आतून फुगला किंवा वाकून चपटा झाला, की दाब वाढतो. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्या गाड्यांत ही जाळी हमखास बुजलेली सापडते. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरलेलं असेल तर क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरमध्ये भरपूर ऑइल जातं, म्हणून ऑइलची पातळीही बघा.

गॅरेजमध्ये चालू इंजिनाचं ऑइल झाकण सैल करून भोकावर नुसतं ठेवतात, उडालं तर 'इंजिन गेलं' म्हणतात. डिझेल इंजिनात थोडी फुंकर असतेच, त्यामुळे एवढ्यावर निकाल देणं घाईचं आहे. त्यापेक्षा दीड-दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, यू आकारात एका फळीला बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर हवाबंद बसवा, दुसरं उघडं ठेवा. यू चा वाकलेला भाग इंजिनाच्या बराच खाली लोंबू द्या, म्हणजे आत ओढ असली तरी पाणी इंजिनात जाणार नाही. इंजिन गरम करून आधी आयडलवर आणि मग रेस वाढवून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक बघा. मग ब्रीदरचा पाइप कव्हरजवळून काढून तेच पुन्हा करा. पाइप काढल्यावर फरक एकदम उतरला तर अडथळा पुढे आहे: पाइप, डबा किंवा नळीचा जोड. पाइप काढूनही दाब तेवढाच राहिला तर कव्हरमधली जाळी बुजली आहे, नाहीतर गॅसच फार येतोय. या दोन्हींतला भेद ऑइल झाकण काढून कळतो. झाकणाच्या भोकातून भकाभका धूर येत राहिला तर कम्प्रेशन तपासून रिंगांचं बघा. कम्प्रेशन चारही सिलिंडरांत ठीक असूनही गॅस येत असेल तर टर्बोचं सील आणि व्हॅक्यूम पंप तपासा.

एअर फिल्टरही काढून बघाच. उसाच्या शेतातल्या रस्त्यांची आणि आटपाडी-जतकडची धूळ फिल्टर लवकर भरते. भरलेल्या फिल्टरमागे ओढ वाढते आणि ब्रीदरमधून ऑइल टर्बोच्या नळीत ओढलं जातं. कव्हर कोरडं असूनही ऑइल कमी होत असेल तर वाट ही असू शकते.

ब्रीदरची सोय लागली की मग पॅकिंगचं काम. सामान आधीच आणून ठेवा: कव्हरचं पॅकिंग, बोल्टांखालचे रबरी वॉशर जितके बोल्ट तितके, ब्रीदरच्या जोडाची ओ-रिंग, ऑइल झाकणाचा रबर. ज्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या) इंजिनांत इंजेक्टर कव्हरमधूनच खाली जातात तिथे इंजेक्टरभोवतीची सीलही लागतील. रबरी वॉशर जुनेच ठेवणं ही नेहमीची काटकसर, आणि पॅकिंग नवं असूनही बोल्टाच्या डोक्याखालून झिरपणारं ऑइल ही तिची किंमत. याशिवाय सेन्सरला चालणारं आर टी व्ही (हवेत वाळणारं) सिलिकॉन, थिनर किंवा ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारं कापड, प्लास्टिकचा खरवडा, एक स्टीलची सरळ पट्टी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), आणि ८ व १० नंबरच्या गोट्या (सॉकेट). कॉटन वेस्ट या कामात नको. त्याचे धागे हेडवर राहतात आणि ऑइलबरोबर चेंबरमधल्या गाळणीवर जाऊन बसतात.

पॅकिंग घेताना गाडीचं मॉडेल आणि इंजिन नंबर दोन्ही दाखवा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये जुनं डीआय (यांत्रिक पंपाचं) आणि नंतरचं कॉमन रेल अशी वेगवेगळी इंजिनं आली आहेत, नुसतं 'बोलेरोचं द्या' म्हणून चालत नाही. रबर दाबून बघा, दुमडून बघा. दुमडल्यावर पांढरट रेघ उमटणारं किंवा घडी तशीच धरून ठेवणारं पॅकिंग परत करा.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघडणं उत्तम. गरम अॅल्युमिनियमचं कव्हर सैल करताना वाकू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. उघडण्याआधी कव्हरभोवतीची धूळ हवेनं उडवा, कारण झाकण उचलल्यावर तीच धूळ थेट कॅम आणि रॉकरवर पडते. आडवे येणारे पाइप आणि वायरिंग बाजूला घेण्याआधी चार फोटो काढून ठेवा.

कॉमन रेल गाडीत इंजेक्टरचे हाय प्रेशर पाइप शक्यतो सोडूच नका. चालू इंजिनात त्यातला दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो. तो जोड चालू इंजिनावर कधीही सैल करायचा नाही. डिझेलची धार कातडीतून आत शिरते. काढावेच लागले तर इंजिन बंद करून दाब उतरू द्या, उघडी टोकं लगेच स्वच्छ टोप्यांनी बंद करा. धुळीचा एक कण इंजेक्टर बाद करायला पुरतो. बऱ्याच कंपन्या हे पाइप एकदा सोडले की नवेच बसवायला सांगतात, तो खर्च आधी हिशोबात धरा.

कव्हरचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे सैल करा. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा, काहींची लांबी वेगळी असते. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तो तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, पण कव्हर दाबलं जात नाही. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोड्यानं बाजूनं ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमवर पडलेला तो चरा पुढची गळती होते.

जुनं पॅकिंग तुटून निघालं तर तुकडे जुळवून बघा, सगळे बाहेर आले का. हेडवरच्या ऑइल परत जाण्याच्या भोकांत आणि पुशरॉडच्या वाटांत कापडाचे बोळे घाला, आणि किती घातले ते मोजून ठेवा. आत काय दिसतं तेही बघा. पिवळट-पांढरा साय-लोण्यासारखा थर कव्हरच्या आतल्या अंगाला असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. जवळच्या फेऱ्यांना वापरली जाणारी गाडी असेल तर ती नुसती ओल असू शकते, पण रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा तपास करा. काळा घट्ट गाळ म्हणजे ऑइल बदलायला झालेला उशीर.

स्क्रूनं टॅपेट सेट होतात अशा इंजिनांत कव्हर उघडलंच आहे तर टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) तपासून घ्या. आकडा आणि थंड-गरम कोणत्या अवस्थेत बघायचा ते त्या इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे. यासाठी परत कव्हर उघडायचं म्हणजे नवं पॅकिंग हलवणं आलं.

सगळ्यात जास्त वेळ सफाईला द्या. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवड्यानं सोलून काढा, शेवटचा पुसा थिनरच्या कापडानं. खाच असलेल्या कव्हरमध्ये खाचेच्या तळाशी कडक झालेला रबर राहतो, तो लाकडी काडीनं काढा. पॉलिश पेपर, ग्राइंडरवरची घासायची चकती हे या कामात वर्ज्य. त्यांची पूड बारीक आणि कठीण असते, ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते आणि तिथे घासत बसते. हेडच्या कडेवर बोट फिरवल्यावर तेलकट लागता कामा नये.

मग कव्हर सपाट आहे का ते बघा. कडेवर सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड बघा, फट दिसली तर फिलर गेज घाला. पत्र्याच्या कव्हरमध्ये बोल्टांच्या भोकांभोवती खड्डे पडलेले असतात, आणि मधल्या जागा वर उचललेल्या. 'बोल्ट चांगले आवळले' याचा परिणाम हाच. ज्या जागी दाब हवा तिथे उरत नाही, बोल्टाशी मात्र पॅकिंग चिरडलेलं. असं कव्हर सपाट लाकडावर किंवा ऐरणीवर ठेवून खड्डे गोल तोंडाच्या हातोडीनं हलक्या हातानं बसवा आणि पुन्हा पट्टी लावा. ओतीव अॅल्युमिनियमचं कव्हर वाकलं असेल तर कारखान्यात फेस (यंत्रावर सपाट) करून घेता येतं, पण खाच उथळ होत नाही ना ते बघून. प्लास्टिकच्या कव्हरला बोल्टाशी किंवा ब्रीदरच्या नळीशी बारीक तडा असेल तर नवंच घ्या. आराल्डाइट ऑइल आणि उष्णतेत टिकत नाही.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. त्यावर सिलिकॉन फासायची सवय कागदी पॅकिंगच्या काळापासून लागलेली आहे आणि तिथून जात नाही. रबर आणि धातू यांच्या मधलं ओलं सिलिकॉन वंगणासारखं वागतं. बोल्ट आवळले जाताना पॅकिंग सरकून खाचेबाहेर येतं. आतल्या बाजूला फुगून आलेली त्याची कड काही दिवसांनी तुटते आणि तुकडे गाळणीकडे जातात. ऑइलचा दिवा लागणाऱ्या काही इंजिनांच्या गाळणीवर हेच तुकडे मिळतात. शेलॅक तर रबराला लावूच नका, कडक होऊन पॅकिंगची लवचीकता घालवतं.

सिलिकॉनची जागा कोपऱ्यांत आहे. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात ती बारीक पायरी, अर्धचंद्र रबर जिथे बसतात त्यांची टोकं, कॅमच्या पुढच्या-मागच्या टोपणाचे कोपरे. तिथे तीन-चार मिलिमीटरचा ठिपका, बस. ठिपका दिल्यावर वरची साय धरण्याआधी, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, कव्हर बसवा. कॉर्कचं पॅकिंग हलतं म्हणून कव्हरच्या बाजूला चिकटवायला पातळ थर लावायला हरकत नाही, हेडकडची बाजू कोरडी ठेवा. अशानं पुढच्या वेळी कव्हर सुटतंही नीट.

कापडाचे बोळे मोजून बाहेर काढा. बोल्टांच्या भोकांत ऑइल साचलेलं असेल तर हवेनं उडवा, डोळ्यांपुढे कापड धरून. बंद भोकातलं ऑइल दाबलं जाऊन भोकाची भिंत फोडू शकतं. कव्हर सरळ वरून ठेवा, एकदा ठेवलं की सरकवू नका. मागच्या कडेखाली बोट फिरवून पॅकिंग दुमडलं नाही ना ते बघा. गाडी मागच्या कडेलाच पुन्हा गळते याचं हे सगळ्यात साधं कारण आहे, कारण तिथे कुणी बघत नाही.

सगळे बोल्ट आधी हातानं लावा. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टांना बहुतेक इंजिनांत ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच जोर असतो, पत्र्याचं कव्हर आणि कॉर्क पॅकिंग असेल तर त्याहून कमी. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्या. १० न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ एक किलोचा भार एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला. हेडबोल्ट आवळायचा मोठा टॉर्क पाना इतक्या खाली खरा आकडा दाखवत नाही, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा पाना लागतो. तो नसेल तर पाव इंची छोटा रॅचेट डोक्याजवळ धरून दोन बोटांनी आवळा आणि मनगट लागलं की थांबा.

बऱ्याच कव्हरांत बोल्टाभोवती धातूची बाही असते. बोल्ट त्या बाहीवर टेकला की पॅकिंग जेवढं दाबायचं तेवढं दाबलं गेलं. त्यापुढचा प्रत्येक पाव फेरा हेडमधल्या अॅल्युमिनियमच्या आट्यांवर जातो. बोल्ट फिरतच राहिला, घट्ट होईना, तर आटे गेलेत. जाड बोल्ट ठोकून घालण्याऐवजी हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. बाहीपर्यंत आवळूनही गळत असेल तर पॅकिंग चुकीच्या जाडीचं आहे किंवा कड वाकलेली आहे, आवळून ते सुधारत नाही. कॉर्कचं पॅकिंग मात्र पहिल्यांदा गरम होऊन थंड झालं की थोडं बसतं, ते एकदा त्याच जोरावर तपासून घ्या.

सिलिकॉनला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. पूर्ण वाळायला बहुतेक चोवीस तास लागतात, घाईच असेल तरी निदान दोन-तीन तास थांबून मगच इंजिन चालू करा. ऑइलची पातळी दोन खुणांच्या मधे ठेवा. पंधरा मिनिटं आयडलवर चालवून टॉर्चनं फिरून बघा, मग वीस-तीस किलोमीटरनंतर, मग ५०० किलोमीटरनंतर. एक्झॉस्टवर आधी पडलेलं ऑइल एक-दोन दिवस जळत राहील आणि वासही येईल. जुन्या ऑइलचा तो वास दिवसागणिक कमी होतो.

एक्झॉस्टभोवतीची पत्र्याची ढाल काढून तिच्या आत बसलेलं ऑइल आणि अडकलेलं पाचट मात्र त्याच दिवशी साफ करा. ऊस वाहणाऱ्या किंवा शेतात फिरणाऱ्या गाडीत तेलानं भिजलेला पाला टर्बोशेजारी असणं म्हणजे आगीला बोलावणं.

आणि पाण्याच्या नळीनं रिंगा गेल्याचं दाखवलं असेल तर हंगाम संपेपर्यंत गाडी ओढायची की आत्ताच इंजिन उघडायचं, हे ऑइल किती जातं त्यावर ठरवा. हजार किलोमीटरला किती भरावं लागतं ते दोन फेऱ्या लिहून ठेवा. आकडा तोच राहत असेल तर रोज सकाळी डिपस्टिक बघून मार्चअखेरपर्यंत चालवता येईल. फेरीगणिक वाढत असेल तर भरली गाडी घाटात घालू नका. ब्रीदरचा पाइप मोकळा काढून रस्त्यावर सोडण्याचा जो उपाय काही जण सांगतात तो करू नका. पाइप काढल्यावर टर्बोच्या नळीला जे भोक उरतं त्यातून फिल्टरला वळसा घालून सगळी धूळ सरळ टर्बोत जाते.